चाकांवरच्या गांवांतला शेजार
(नभोवाणीवरून केलेलें भाषण)

दुखणें यायचेंच असेल तर तें आपल्या घरीं आणि आपल्या माणसांत यावें, असें माझी आजी म्हणत असे. तिच्या म्हणण्यांत तथ्य होतें. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला औषधाइतकीच ओळखीच्या आढ्याची गरज असते. पाण्याचा तांब्या कोणत्या फळीवर आहे, रात्रीं हांक मारली तर कोणत्या खोलींतून 'ओ' येईल, हें ठाऊक असलें कीं अर्धें दुखणें हलकें होतें. आज मी आपणांस ज्या दुखण्याची हकीगत सांगणार आहें, तें मला आलें तेव्हां जमिनीवर उभें असलेलें घर मला नव्हतें. एकुलता एक मुलगा दोन हजार मैलांवर होता आणि बाकीचा गोतावळा आठ हजार मैलांपलीकडे पुण्यांत होता. असें असूनहि मीं हांक मारण्यापूर्वींच 'ओ' आली. ती कोणाकडून आली, आणि ती ऐकून घेणें मला किती जड गेलें, हें सांगण्यासाठीं मी आज आपणांपुढें आलों आहें.

मी सदाशिव पेठेंतल्या एका वाड्यांत लहानाचा मोठा झालों. १९७३ सालीं यंत्रशास्त्राच्या पुढील शिक्षणासाठीं अमेरिकेस गेलों आणि मिशिगन संस्थानांत मोटारींच्या कारखान्यांत नोकरी धरून तेथलाच झालों. २०१४ सालीं निवृत्त झाल्यावर आम्हां उभयतांच्या मनांत आलें कीं, ज्या देशांत चाळीस वर्षें काढलीं तो आपण कारखान्याच्या खिडकींतूनच पाहिला. आतां तो डोळे भरून पाहावा. आम्हीं राहतें घर विकलें आणि छत्तीस फूट लांबीचें एक मोटारघर घेतलें. ह्या घरांत बिछाना असतो, शेगडी असते, शीतकपाट, न्हाणीघर आणि संडासहि असतो. फक्त पाया नसतो.

ही हौस त्या देशांत जुनी आहे. १९१९ सालीं फ्लॉरिडांतील टँपा शहरीं अशा मोटारप्रवाशांनीं 'टिन कॅन टूरिस्ट्स' नांवाचें मंडळ स्थापन केलें. मोटारीच्या रेडिएटरच्या टोपणावर पत्र्याचा डबा बसविणें ही त्यांची खूण होती. ती दिसली कीं अनोळखी प्रवासीहि गाडी थांबवून विचारपूस करीत. आतां ती खूण राहिलेली नाहीं, पण विचारपूस राहिली आहे.

हिवाळ्यांत हे लोक दक्षिणेकडे उतरतात. आमचा मुक्काम अ‍ॅरिझोना संस्थानांतील क्वार्ट्झसाइट नांवाच्या गांवाबाहेर असे. हें गांव कॅलिफोर्नियाच्या सरहद्दीपासून सुमारें वीस मैलांवर, भर वाळवंटांत आहे. २०१० च्या शिरगणतींत तेथील वस्ती ३,६७७ भरली होती; पण जानेवारींत तेथें रत्नांचे आणि दगडांचे बाजार भरतात, आणि क्षितिजापर्यंत पांढरीं मोटारघरेंच मोटारघरें दिसूं लागतात. ह्या गांवाच्या दक्षिणेस ला पोसा नांवाचें सुमारें ११ हजार एकरांचें सरकारी माळरान आहे. इतर सरकारी रानांत बहुधा चौदा दिवसांहून अधिक एके ठिकाणीं राहतां येत नाहीं. परंतु १९८३ पासून अशा कांहीं जागा दीर्घ मुक्कामासाठीं राखून ठेवल्या आहेत. आम्ही होतों त्या वर्षीं १८० डॉलर भरले कीं १५ सप्टेंबरपासून १५ एप्रिलपर्यंत तेथें राहतां येई. वीज नाहीं, नळ नाहीं, रस्त्याला नांव नाहीं. वीज आपापल्या छपरावरच्या सूर्यपट्ट्यांतून घ्यावयाची. पिण्याचें पाणी एका ठिकाणाहून भरून आणावयाचें. आणि मैलापाणी टाकींत सांठवून ठराविक जागीं नेऊन सोडावयाचें.

ह्या गांवच्या स्मशानांत दगडांचा एक लहानसा पिरॅमिड आहे आणि त्याच्या शिखरावर तांब्याचा उंट आहे. १८५६ सालीं अमेरिकन सरकारनें वाळवंटांतील लष्करी वाहतुकीसाठीं तुर्की साम्राज्यांतून उंट आणविले. त्यांच्याबरोबर जे उंटवाले आले त्यांतल्या एकाची ही समाधि. त्याचें नांव हाजी अली. मुंबईकरांना हें नांव चांगलेंच ओळखीचें वाटेल. तेथल्या लोकांच्या जिभेला तें वळेना, म्हणून त्यांनीं त्याचें 'हाय जॉली' केलें. उंटांचा प्रयोग फसला, पण हाजी अली परतला नाहीं. १९०२ सालीं तो ह्याच गांवीं वारला. पूर्वेकडून आलेल्या ह्या एकट्या माणसाच्या समाधीपाशीं मी पुष्कळदां जाऊन बसे. आपल्याविषयीं फार विचार करावयाचा नसला म्हणजे माणूस दुसऱ्याच्या समाधीविषयीं विचार करतो.

कारण माझी कंबर तेव्हां दुखूं लागली होती. प्रथम शंभर पावलें चाललें कीं मांड्या भरून येत. मग पन्नास पावलांनीं येऊं लागल्या. मौज अशी कीं दुकानांतल्या सामानाच्या ढकलगाडीवर ओणवें होऊन चाललें म्हणजे कांहींच होत नसे. मी पत्नीला म्हणे, "अगं, दुकानांत माझी कंबर अगदीं बरी असते, हा वाळवंटाचाच दोष." ती म्हणे, "अहो, मग दुकानांतच बिऱ्हाड करा." पुढें कळलें कीं हेंच ह्या रोगाचें लक्षण. कण्याच्या ज्या पोकळींतून मज्जातंतु खालीं जातात ती पोकळी वयोमानानें अरुंद होते. वांकलें कीं ती किंचित् रुंदावते आणि तंतूंना उसंत मिळते. व्हर्बीस्ट नांवाच्या डच शस्त्रवैद्यानें १९५४ सालीं ह्या विकाराचें नीट वर्णन केलें, तोंपर्यंत अशा माणसांना संधिवाताचे किंवा कुरकुरे समजून वाटेस लावीत असत.

मी कोणालाच कांहीं सांगितलें नव्हतें. लहानपणीं आमच्या घरांत एक मंत्र शिकविला जात असे: कोणाचें मिंधें होऊं नये. शेजाऱ्याकडून वाटीभर साखर आणली तर संध्याकाळपर्यंत काठोकाठ भरून परत जावयाची. ह्या मंत्रावर मी अमेरिकेंत चाळीस वर्षें मानानें जगलों होतों. संध्याकाळीं शेजारचीं माणसें घडीच्या खुर्च्या घेऊन शेकोटीभोंवतीं जमत. मीहि जाऊन बसे, हंसें, बोलें. आणि उठतांना सर्वजण निघून जाईपर्यंत थांबें, म्हणजे माझें लंगडणें कोणास दिसूं नये.

तें एकीला दिसलेंच. मिनेसोटाहून आलेल्या एक बाई आमच्या उजव्या हातास राहत. तीस वर्षें त्यांनीं इस्पितळांत परिचारिकेचें काम केलेलें. २०१९ च्या जानेवारींतली गोष्ट. एके सकाळीं त्या आमच्या दारीं आल्या आणि कॉफी पितां पितां म्हणाल्या, "तुमच्या उजव्या पायाच्या चवड्याचा ओरखडा रोज वाळूंत उमटतो. डाव्याचा उमटत नाहीं. तुम्ही पाऊल ओढतां." मग त्यांनीं मला दोन प्रश्न विचारले: लघवीवर ताबा आहे ना? आणि घोड्याच्या खोगिरावर बसलें असतां शरीराचा जो भाग टेकतो तेथें बधिरपणा तर नाहीं ना? श्रोतेहो, हे प्रश्न लाजेचे नाहींत. ज्यांना कंबरेचा विकार आहे त्यांनीं ते लक्षांत ठेवावे. ह्यांतलें एक जरी लक्षण उमटलें तरी तासांचा हिशेब असतो. इस्पितळ गांठावयास सकाळपर्यंत थांबतां कामा नये. माझें तेथवर आलें नव्हतें. परंतु पावलाचा जोर जातो आहे ही गोष्टहि त्यांनीं हलकी मानली नाहीं.

फीनिक्स शहर तेथून सुमारें सव्वाशें मैल. तेथल्या शस्त्रवैद्यांनीं चित्रें पाहून सांगितलें कीं, एक मणका दुसऱ्यावरून पुढें सरकला आहे आणि पोकळी जवळजवळ मिटली आहे. मागचें हाड काढून तंतु मोकळे करावे लागतील आणि दोन मणके सळ्या व मळसूत्रें घालून जोडावे लागतील. थांबलें तर पावलाचा जोर परत येईलच असें नाहीं. मग त्यांनीं सहज विचारलें, "घरीं पायऱ्या किती आहेत?" मीं सांगितलें, "चार. आणि घर वाळवंटांत आहे." ते थोडा वेळ गप्प राहिले.

पैशाची काळजी तितकीशी नव्हती. पासष्ट वर्षांवरील लोकांसाठीं अमेरिकेंत १९६५ सालीं जी मेडिकेअर योजना झाली, तिच्या मूळ स्वरूपांत, ती मान्य करणाऱ्या देशांतील कोणत्याहि डॉक्टरकडे जातां येतें. फिरत्या माणसाला ही मोठीच सोय आहे. काळजी निराळीच होती. उजवें पाऊल लुळें. मोटारघर चालवावयाचें तें त्याच पावलानें. पत्नी लहान मोटार चालवी, पण छत्तीस फुटांचें घर तिनें कधीं एक फूटहि हलविलें नव्हतें. पाणी वाहावयाचें, टाक्या रिकाम्या करावयाच्या, तीं कामें माझीं. आणि १५ एप्रिलला माळ सोडावयाचा तो सोडावयाचाच. आम्हीं दोघांनीं त्या रात्रीं हिशेब केला. तो कोणत्याहि बाजूनें जुळेना. मी म्हणालों, "शहरांत भाड्याची खोली घेऊं." पत्नी म्हणाली, "सहा आठवडे अनोळखी भिंतींत? येथें निदान दिवा लागला तर कोणी विचारील तरी." मला तिचें पटलें नाहीं. कोणी विचारावें हेंच मला नको होतें.

पण तोंवर परिचारिकाबाईंनीं शेकोटीपाशीं सांगून टाकलें होतें. आम्हीं कोणाला कांहींहि विचारलें नाहीं; त्यांनींहि आम्हांला 'कांहीं मदत हवी का?' असें विचारलें नाहीं. हा प्रश्न त्या गांवांत फारसा कोणी विचारीत नाहीं, कारण त्याला 'नको, आभारी आहें' हें उत्तर ठरलेलें असतें. तेथें माणूस काम घेऊनच दारीं येतो. ब्रिटिश कोलंबियाहून आलेला कॅनेडियन सुतार सकाळीं माप घेऊन गेला आणि संध्याकाळीं आमच्या चार उंच पायऱ्यांच्या जागीं सात बुटक्या पायऱ्या आणि दोहों बाजूंस कठडे उभे राहिले. त्याच्या बायकोनें संडासाच्या बैठकीची उंची वाढविली. कोणी फीनिक्सच्या खेपांची पाळी लावून कागद आमच्या दारावर चिकटविला. शाकाहारी म्हणजे काय ह्याची चौकशी एका समितीनें केली, आणि पत्नीकडून मुगाच्या खिचडीचें प्रमाण लिहून नेलें.

१२ फेब्रुवारीला शस्त्रक्रिया झाली. मुलगा बोस्टनहून आठवडाभर आला. त्याची नोकरी नवी, मूल तान्हें. त्याहून अधिक त्याला राहतां येईना आणि मीहि आग्रह केला नाहीं. इस्पितळांतून सोडण्यापूर्वीं तेथल्या एक अधिकारीबाई पत्ता लिहून घेऊं लागल्या. पत्नी म्हणाली, "ला पोसा, पाण्याच्या टाकीवरून पुढें गेलें कीं दुसऱ्या कोरड्या नाल्याच्या अलीकडे." त्या बाईंनीं लेखणी खालीं ठेवली. तेव्हां आमच्याबरोबर आलेल्या परिचारिकाबाईंनीं पिशवींतून कागद काढला: पायऱ्यांची उंची, कठड्यांची माहिती, बिछान्याचें माप, बैठकीचें माप, रात्रपाळीला कोण, दिवसपाळीला कोण, गाडी कोणाची. तो कागद वाचून अधिकारीबाई म्हणाल्या, "भिंती असलेल्या घरांत मी पुष्कळ रोगी पाठविलें आहेत, इतका बंदोबस्त फार थोड्या घरीं असतो."

सहा आठवडे मला तीन गोष्टींची बंदी होती: वांकणें, उचलणें आणि पिळणें. इंग्रजींत ह्यांचीं आद्याक्षरें बी. एल. टी. अशीं होतात, आणि त्याच नांवाचें डुकराच्या मांसाचें एक सँडविच तिकडे लोकप्रिय आहे. "तुम्हांला बी. एल. टी. वर्ज्य," असें तेथल्या दाया म्हणत, मी म्हणें, "तें मला जन्मतःच वर्ज्य आहे." दूधाच्या एका मोठ्या बाटलीहून जड कांहीं उचलावयाचें नाहीं. औषध म्हणून करावयाचें तें एकच, चालणें. पण त्या माळावर सुटे गोटे फार, आणि एकदां ठेंच लागली तर सर्वच फुकट. एके सकाळीं पाहतों तों आमच्या दारापासून जुन्या गाडीवाटेनें चारशें पावलांपर्यंतचे गोटे कोणी वेंचून बाजूस सारले होते, आणि दर पन्नास पावलांवर एक घडीची खुर्ची मांडली होती. खुर्च्या निरनिराळ्या रंगांच्या होत्या, म्हणजे निरनिराळ्या घरांतल्या. पहिल्या दिवशीं मी हिरव्या खुर्चीपर्यंत गेलों. तिसऱ्या आठवड्यांत निळ्या खुर्चीपर्यंत. शेवटची तांबडी खुर्ची गांठली त्या दिवशीं कोणी टाळ्या वाजविल्या नाहींत. दोन दिवसांनीं ती आणखी शंभर पावलें पुढें गेलेली दिसली, एवढेंच.

आतां ज्या गोष्टीसाठीं हें सर्व सांगितलें ती सांगतों. तिच्याविषयीं बोलणें आपल्याकडे अशिष्ट मानतात. पण ती टाळली तर माझ्या हकीगतींत अर्थ उरणार नाहीं.

परतल्यावर चौथ्या कीं पांचव्या दिवशीं मी खिडकीशीं पडलों होतों. बाहेर कांहीं घरघर झाली. पाहिलें तों ऑरेगनहून आलेले एक निवृत्त गणितशिक्षक, वय सत्तरीचें, आमच्या मैल्याच्या टाकीला नळी जोडून तो मैला चाकांच्या एका लहान टाकींत घेत होते. ती भरली कीं अडीच मणांची होते. ती आपल्या गाडीमागें बांधून ते मैलभर लांब नेणार, रिकामी करणार, धुणार, आणि पुन्हां येणार. माझा मैला. मी जागच्या जागीं ओरडलों, "थांबा! तुम्ही हें करूं नका. मी माणूस लावतों. पैसे देतों." ते खिडकीपाशीं आले. हातमोजे काढले नव्हते. म्हणाले, "दोन वर्षांपूर्वीं माझी बायको आजारी होती. तेव्हां शेजारीं उतरलेल्या एका माणसानें आमची टाकी आठ आठवडे वाहिली. तो निघून गेला आणि मीं त्याचें आडनांवहि विचारलें नव्हतें. पैसे द्यायचेच असतील तर त्याला शोधून द्या." असें म्हणून ते पुन्हां नळीकडे वळले.

त्या रात्रीं मला झोंप आली नाहीं. ती कंबरेमुळें नव्हे. आमच्या वाड्याच्या मागें एक अरुंद बोळ होता. वाड्यांतले संडास टोपलीचे होते. पहांटे त्या बोळांतून एक माणूस येई, टोपल्या ओढून काढी आणि डोक्यावर घेऊन जाई. मी दहा-बारा वर्षें त्या वाड्यांत राहिलों. त्या माणसाचा चेहरा मला आठवत नाहीं, कारण तो दिसूं नये अशीच ती बोळाची रचना होती. दिवाळीस त्याला आमच्या घरून फराळ दिला जाई, तो वरून, हात लागूं न देतां. आणि मी, कोणाचें मिंधें होऊं नये हा मंत्र जपणारा मुलगा, रोज सकाळीं त्या माणसाचा मिंधा होत होतों; तें मिंधेपण मिंधेपण म्हणून मोजावयाचें नाहीं असें आम्हीं सर्वांनीं मिळून ठरविलें होतें.

तुम्ही म्हणाल, हें शिकावयाला अमेरिकेस जाण्याचें काय कारण होतें? कांहींच नव्हतें. १९३२ सालीं रत्नागिरीच्या तुरुंगांत अप्पासाहेब पटवर्धनांनीं भंगीकाम स्वतः करण्याची परवानगी मागितली, ती नाकारली गेली तेव्हां उपोषण मांडलें, आणि त्यांच्या पाठिंब्यासाठीं येरवड्याच्या तुरुंगांत गांधीजींनींहि अन्न सोडलें. हा इतिहास मीं शाळेंत वाचला होता आणि परीक्षेंत लिहिलाहि होता. डोक्यावरून मैला वाहून नेण्याविरुद्ध आपल्या देशांत १९९३ सालीं आणि पुन्हां २०१३ सालीं कायदे झाले. इतकें सर्व असतांना, ती गोष्ट माझी स्वतःची आहे, हें कळावयाला मला वयाची सत्तरी आणि मोडका कणा लागला.

दुसऱ्या दिवशीं मीं शिक्षकांना खिडकींतून हांक मारली आणि फक्त 'आभारी आहें' म्हणालों. ते म्हणाले, "आतां जमलें." तेव्हांपासून मला मदत घेणें थोडें सोपें गेलें.

एक मात्र मीं जरूर सांगितलें पाहिजे. ह्या लोकांना मी देवदूत ठरवीत नाहीं. ह्याच माळावर रात्रीं विजेचें यंत्र चालू ठेवलें म्हणून शेजाऱ्या-शेजाऱ्यांत आठवडेच्या आठवडे अबोला असतो. राजकारणावरून शेकोट्या वेगळ्या होतात. शिवाय चाकांवर राहणारे सर्वच कांहीं हौशीनें राहत नाहींत. २००८ च्या मंदींत ज्यांचीं घरें व ठेव गेली असे पुष्कळ वृद्ध त्यांत आहेत. जेसिका ब्रूडर यांचें २०१७ सालीं प्रसिद्ध झालेलें 'नोमॅडलँड' हें पुस्तक त्यांच्याविषयींच आहे, आणि क्वार्ट्झसाइट त्यांत येतें. अशांच्या वाट्याला आजारपण आलें म्हणजे शेजाऱ्याची खिचडी पुरी पडत नाहीं. चांगुलपणा हा व्यवस्थेचा पर्याय नव्हे. हें ओळखूनच 'एस्केपीज' नांवाच्या मोटारघरवाल्यांच्या संघानें टेक्सस संस्थानांतील लिव्हिंग्स्टन येथें एक सोय केली आहे. जो अँड के पीटरसन ह्या दांपत्यानें १९७८ सालीं हा संघ स्थापिला. शस्त्रक्रियेनंतर किंवा वार्धक्यांत ज्याला प्रवास झेपत नाहीं अशा सभासदानें आपलें चाकांवरचें घर तेथें नेऊन लावावें. जेवण, घरकाम, डॉक्टरकडे नेणें-आणणें ह्यांची तरतूद तेथें होते, आणि मुख्य म्हणजे त्याला आपलें घर सोडावें लागत नाहीं. घर वाळवंटांतलें असो कीं पेठेंतलें, म्हाताऱ्या माणसाला शेवटीं एवढेंच हवें असतें.

मग हे लोक इतकें करतात तें कां? मला वाटतें, त्याचें कारण स्वभावांत नसून परिस्थितींत आहे. त्या माळावर प्रत्येकाची टाकी ठराविकच मापाची असते. न्यायाधीश असो वा मालमोटार हांकणारा असो, दहा दिवसांनीं ती भरते. आपलें शरीर काय टाकतें आणि तें कोण उचलतें, हें तेथें कोणालाच विसरतां येत नाहीं. आम्हीं शहरांत भिंती जाड केल्या, नळ पुरले, बोळ बुजविले, आणि आपण कोणावर अवलंबून आहों हें विसरण्याची सोय करून घेतली. आषाढांत आळंदी-पंढरीच्या वाटेवर एकमेकांचे पाय दाबणारे वारकरी दिसतात. तेथेंहि असेंच आहे. वाट सर्वांचीच लांब असते आणि पाय सर्वांचेच दुखतात.

एप्रिल जवळ येऊं लागला. मोटारघर कोण हलविणार हा प्रश्न राहिलाच होता. ओक्लाहोमाचे एक गृहस्थ, ज्यांनीं आयुष्यभर मालमोटारी चालविल्या होत्या, ते म्हणाले, "ह्या वर्षीं मी चालवीन. पुढच्या वर्षीं?" आणि माझ्या पत्नीकडे वळून म्हणाले, "बाईसाहेब, उद्यां सकाळीं सहा वाजतां." अडुसष्ट वर्षांची माझी पत्नी रिकाम्या माळावर पिंपांच्या मधून तें धूड चालवावयास शिकली. पहिल्या दिवशीं तिनें तीन पिंपें आडवीं केलीं. बाराव्या दिवशीं तिनें तें मागें घेऊन दोन पिंपांच्या मध्यें उभें केलें, आणि उतरल्यावर मला म्हणाली, "अहो, चाळीस वर्षें तुम्ही मला हें अवघड आहे असें सांगत होतां." ह्यावर माझ्यापाशीं उत्तर नव्हतें. १४ एप्रिलला तिनेंच घर हांकलें. मी शेजारीं पट्टा बांधून ताठ बसलों. मागें पाहिलें तों माळ रिकामा होत चालला होता. तांबडी खुर्ची कोणीतरी घडी करून गाडींत टाकीत होतें.

माझ्या पावलाचा जोर बराचसा परत आला. सर्व आला नाहीं. पुढच्या हिवाळ्यांत आम्ही पुन्हां तेथें गेलों. एका नव्या शेजाऱ्याचा हात मोडला होता. जड उचलण्याची मला मनाई, पण चाकांची टाकी उचलावी लागत नाहीं, ओढावी लागते. तीं आठ आठवडे मीं त्याची टाकी वाहिली. पहिल्या दिवशीं नळी जोडतांना माझे हात थरथरले, हें मी कबूल करतों. नंतर तें एक काम झालें, इतर कामांसारखें.

२०२३ सालीं मी पुण्यास आलों होतों. वाड्याच्या जागीं आतां सात मजली इमारत आहे. बोळ राहिलेला नाहीं. माझ्या चुलतभावांना, वहिनींना, जुन्या बिऱ्हाडकरूंना मीं एकच प्रश्न विचारला: पहांटे बोळांतून येणाऱ्या त्या माणसाचें नांव काय होतें? कोणाला घोड्यावाल्याचें नांव आठवलें, कोणाला दूधवाल्याचें, कोणाला वाड्यांतल्या कुत्र्याचेंहि. त्याचें नांव कोणालाच आठवलें नाहीं. शिक्षकांना ज्यानें मदत केली त्याचें आडनांव त्यांनीं विचारलें नव्हतें, तें राहून गेलें होतें. आम्हीं विचारलें नव्हतें, तें राहून गेलें नव्हतें.

श्रोतेहो, माझी वेळ संपली. हें ऐकत असतां आपल्या जिन्यांतून कोणी कचऱ्याची बादली घेऊन खालीं जात असेल, कोणी आपल्या गल्लींतल्या गटाराचें झांकण काढीत असेल. उद्यां सकाळीं तो भेटेल तेव्हां त्याला नांव विचारा, आणि तें लक्षांत ठेवा. मला तें आतां करतां येण्यासारखें राहिलेलें नाहीं, आपणांस आहे.